एसआय जॉइंटचा एमआरआय : रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या एका रुग्णाने केलेले दोन निदान केंद्रांचे परीक्षण

कमरेच्या खाली, पाठीचा कणा ओटीपोटाच्या हाडांना जिथे येऊन मिळतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो. त्याचे नाव सॅक्रोइलिॲक सांधा. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि तंत्रज्ञ बोलताना त्याला ‘एसआय जॉइंट’ एवढेच म्हणतात. या सांध्याच्या दुखण्यासाठी मी सात महिन्यांच्या अंतराने दोन निदान केंद्रांत एमआरआय करून घेतला. दोन्हीकडे यंत्र चांगले होते, दोन्हीकडे माणसे सौजन्याने वागली आणि दोन्हीकडे अहवाल सांगितलेल्या वेळेत हातात पडला. तरीही पहिल्या तपासणीनंतर माझे कित्येक महिने भलत्याच उपचारांत गेले आणि दुसऱ्या तपासणीने दुखण्याचे मूळ दाखवले. हा फरक कशाने पडला ते नीट लिहून ठेवावे, म्हणून हे परीक्षण. केंद्रांची नावे मी देत नाही, कारण पहिल्या केंद्रात जे घडले ते कुठेही घडू शकते, आणि वाचकाला नावापेक्षा तिथे जाऊन काय विचारायचे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

मला १४ वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटून होणारा संधिवात. रुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या, हा आजार ओळखण्यासाठी करतात त्या, दोन्ही रक्तचाचण्या पहिल्यापासून पॉझिटिव्ह आहेत. उजव्या मनगटाची हालचाल जवळजवळ संपली आहे, बोटांच्या मुळाशी सांधे कायमचे सुजलेले आहेत आणि मूठ पूर्ण वळत नाही. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेते. मधली काही वर्षे रोज प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची छोटी मात्राही घ्यावी लागली होती. हा तपशील आधीच सांगते आहे, कारण यातल्या प्रत्येक गोष्टीचा पुढे तपासणीशी संबंध आला.

नवे दुखणे उजव्या कुल्ल्यात सुरू झाले, तेव्हा मी ५१ वर्षांची होते. दिवसभर ते फारसे जाणवत नसे. पहाटेच्या सुमारास कुशीवर वळताना मात्र खोल आत कोणी पाचर मारल्यासारखी कळ येई आणि झोप मोडे. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास कंबर आणि कुल्ला दोन्ही आखडलेले असत, चालायला लागल्यावर हळूहळू मोकळे होत, आणि तासभर एका जागी बसले की पुन्हा आखडत. दुखण्याची जागा मला नेमकी दाखवता येत होती. कमरेच्या खाली पाठीवर दोन बाजूंना त्वचेत ज्या खळ्या दिसतात, त्यांतल्या उजव्या खळीच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला ती होती. मला बोट सरळ रोवता येत नाही, म्हणून मी अंगठा टेकवून दाखवत असे.

इथे थोडे थांबून हे सांगायला हवे की रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाने ही जागा दाखवली, की बहुतेक डॉक्टरांच्या मनात आधी दुसरेच काही का येते. हा आजार हातापायांच्या लहान सांध्यांचा, मनगटांचा, गुडघ्यांचा. कण्यात तो शिरलाच तर मानेत शिरतो, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्यात. कमरेचा कणा आणि एसआय जॉइंट यांना तो सहसा हात लावत नाही, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते खरेही आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी आणि युरोपातील युलार या संस्थांनी २०१० साली या आजाराच्या वर्गीकरणाचे जे निकष ठरवले, त्यांत या सांध्याचे नावही येत नाही. उलट अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या, दाहाने कणा ताठ करत नेणाऱ्या, आजाराच्या १९८४ सालच्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत एसआय जॉइंटच्या एक्स-रेवरचे बदल हाच मुख्य आधार आहे. त्यामुळे हा सांधा दुखू लागला की एकतर साधी कंबरदुखी समजली जाते, नाहीतर वेगळ्याच आजाराचा संशय घेतला जातो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस स्वतःच तिथे पोहोचला असेल, ही शक्यता मधल्या मध्ये राहून जाते.

सांध्याची रचना पाहिली तर ही शक्यता नाकारण्यासारखी नाही. एसआय जॉइंटचा मागचा, वरचा भाग जाड अस्थिबंधांनी आवळून बांधलेला असतो. पुढच्या, खालच्या भागात मात्र कूर्चा असते आणि इतर सांध्यांत असते तसे सायनोव्हियमचे अस्तरही असते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा दाह सुरू होतो तो याच अस्तरात. हा सांधा हलतो अगदी थोडा, जेमतेम दोन-चार अंश, आणि शरीराच्या वरच्या भागाचे सगळे वजन पायांकडे पोहोचते ते याच्यातून. दीर्घकाळ चाललेल्या, रक्तचाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या आजारात इथे बदल झाल्याचे आढळले आहे. ते बहुधा सौम्य असतात, पुष्कळदा एकाच बाजूला किंवा दोन बाजूंना कमी-अधिक असतात, हाडाच्या कडेला लहान खड्डे पडतात, सांध्यातली फट अरुंद होते. पण अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये होतात तशी दोन हाडे जुळून एक होणे क्वचितच घडते. एवढे सौम्य बदल पकडायचे असतील, तर तपासणी नेमकी त्या जागेची आणि त्या पद्धतीनेच व्हायला हवी.

पहिल्या केंद्रात मी गेले ती एका डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर कंबरदुखी असा शब्द होता आणि कमरेच्या मणक्यांचा एमआरआय सांगितला होता. केंद्र स्वच्छ, शांत आणि वेळ पाळणारे होते. नाव नोंदवल्यापासून वीस मिनिटांत मी टेबलावर होते. नोंदणीच्या अर्जात ‘इतर आजार’ असा एक रकाना होता. त्यात मी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड असे तिन्ही शब्द लिहिले. तो रकाना कोणी वाचला असेल, असे मला आजही वाटत नाही. तपासणीआधी मला दोनच प्रश्न विचारण्यात आले: अंगात पेसमेकर किंवा धातू आहे का, आणि बंद जागेची भीती वाटते का. दोन्ही प्रश्न आवश्यकच आहेत. पण कुठे दुखते, कधी दुखते, हे कोणीही विचारले नाही. मी कपडे बदलून बाहेर येताना तंत्रज्ञाला अंगठ्याने जागा दाखवलीही होती. ‘कमरेत सगळे येते,’ असे तो म्हणाला, आणि मी निश्चिंत झाले.

कमरेत सगळे येत नाही. मणक्यांच्या एमआरआयमध्ये चित्रांचे काप मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्या दिसाव्यात, नसा कुठे दबल्या आहेत ते कळावे, अशा बेताने घेतलेले असतात. एसआय जॉइंट त्या चौकटीच्या अगदी कडेला, तेही वरचा थोडासा भाग एवढाच येतो, आणि दाह बहुधा जिथे सुरू होतो तो खालचा भाग बाहेरच राहतो. माझ्या फिल्ममध्ये नेमके तसेच झाले होते. अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आल्याचे आणि तिची झीज झाल्याचे लिहिले होते. ते चूक नव्हते. पण पन्नाशीच्या माणसात तसे नसते तरच नवल. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत दिसली होती. मला हे तेव्हा माहीत नव्हते. मी पाच महिने कमरेला ताण देऊन घेतला, पट्टा बांधला आणि विश्रांती घेतली. विश्रांतीने हे दुखणे वाढते, हे मला रोज सकाळी कळत होते, तरी अहवाल समोर असल्यामुळे मी स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवला नाही, याचे आजही वाईट वाटते.

पहिल्या केंद्राला न्याय द्यायचा तर हे म्हणायला हवे की चिठ्ठीवर जे लिहिले होते तेच त्यांनी केले, आणि ते व्यवस्थित केले. तरीही माझे मत असे आहे की तपासणी करणाऱ्या केंद्राचे काम चिठ्ठी वाचण्यापाशी संपत नाही. अर्जात आजार लिहून घ्यायचा आणि तो अहवाल लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचवायचाच नाही, तर तो रकाना कशासाठी ठेवायचा? रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे दोन शब्द त्यांच्या नजरेखालून गेले असते, तर निदान एक फोन त्या डॉक्टरांना झाला असता.

नंतर माझ्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांच्या तज्ज्ञ, बाईंनी मला पालथे आणि उताणे झोपवून वेगवेगळ्या कोनांतून ओटीपोटाची हाडे दाबली, मांडी उभी करून खाली रेटली, एक पाय टेबलाच्या कडेवरून खाली सोडला. अशा पाच तपासण्या असतात आणि त्यांतल्या तीन किंवा अधिक तपासण्यांत तीच ओळखीची कळ उमटली, तर दुखणे एसआय जॉइंटचे असण्याची शक्यता बरीच वाढते. माझ्या चार तपासण्यांत ती उमटली. त्यांनी आधीची फिल्म उजेडाला लावून पाहिली, कडेवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘ज्या सांध्याबद्दल आपण बोलतोय, तो या फोटोत नाहीच.’ त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीत पाच ओळी होत्या. आजाराचे नाव आणि वर्षे, औषधे, दुखण्याची बाजू, सकाळच्या ताठरपणाचा काळ आणि शेवटी प्रश्न: उजव्या एसआय जॉइंटमध्ये दाह आहे का, की त्रिकास्थीला (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाला) बारीक तडा गेला आहे?

हा शेवटचा प्रश्न मला तेव्हा नवा होता आणि तो समजून घेणे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या प्रत्येक रुग्णाला गरजेचे आहे, असे मला वाटते. या आजारात हाडे आजारामुळेही ठिसूळ होतात आणि स्टेरॉइडमुळेही. मग पडल्याझडल्याशिवाय, नुसत्या रोजच्या वजनानेही एसआय जॉइंटला लागूनच असलेल्या त्रिकास्थीत तडा जाऊ शकतो, आणि त्याचे दुखणे त्याच ठिकाणी जाणवते. साध्या एक्स-रेवर हा तडा सहज निसटतो. तिसरी शक्यता जंतुसंसर्गाची, कारण रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत क्षयासह इतर जंतू या सांध्यात घर करू शकतात. तिन्हींचे उपचार एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. दाह समजून स्टेरॉइड वाढवले आणि आत तडा किंवा जंतू असतील, तर नुकसान किती होईल ते सांगायला नको.

दुसऱ्या केंद्राचा वेगळेपणा तपासणीच्या आदल्या दिवशीच जाणवला. त्यांच्याकडून फोन आला आणि बोलणाऱ्या तंत्रज्ञ मुलीने चिठ्ठी आधी वाचलेली होती. मानेचा एक्स-रे कधी झाला आहे का, मानेत किंवा हातांत मुंग्या येतात का, उताणे किती वेळ झोपता येते, बाळंतपणे किती झाली, अलीकडे ताप येतो का, असे तिने एकेक करून विचारले. बाळंतपणाचा प्रश्न मला अनावश्यक वाटला होता. बाळंतपणानंतर काही स्त्रियांत सांध्याला लागून कमरेच्या हाडाचा एक त्रिकोणी भाग घट्ट, पांढरा दिसू लागतो, आणि तो दाह समजला जाऊ नये म्हणून हे विचारतात, असे तिने समजावून सांगितले. मानेचा प्रश्न तर माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा होता. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, अशा माणसाला टेबलावरून हाताला धरून झटक्यात उठवायचे नसते. पहिल्या केंद्रात मला नेमके तसेच उठवले होते.

प्रत्यक्ष तपासणीतली एक गोष्ट मी विसरणार नाही. एमआरआयच्या नळीत जाताना रुग्णाच्या हातात एक रबरी फुगा देतात; काही त्रास झाला तर तो दाबायचा, म्हणजे बाहेर घंटा वाजते. पहिल्या केंद्रात तो माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटे त्यावर मिटवली गेली, आणि मिटलेली बोटे पाहून ती दाबूही शकतील, असे गृहीत धरले गेले. आत गेल्यावर मी दाबून पाहिला, तर फुगा जेमतेम चेपला. तो अर्धा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. दुसऱ्या केंद्रातल्या त्या मुलीने फुगा देताना ‘ताई, एकदा दाबून दाखवा’ असे सांगितले. घंटा वाजली नाही. तिने फुगा डाव्या कोपराच्या वळणात ठेवला, हात दुमडायला सांगितले, आणि घंटा वाजली. तिने पुन्हा एकदा खात्री करून घेतली, मगच टेबल आत सरकवले. गुडघ्यांखाली जाड उशी, मनगटाखाली फोमचा तुकडा, मानेखाली पातळ घडी, आणि बोटातून न निघणाऱ्या अंगठीवर चिकटपट्टी, ही सगळी तयारी करायला तिला पाच मिनिटे लागली असतील. या पाच मिनिटांमुळे मी हललेच नाही. रुग्ण हलला की चित्रे धूसर होतात, म्हणजे ही उशी-फोमची काळजी शेवटी चित्रांच्या दर्जातही उतरते.

चित्रे घेण्याची पद्धतही वेगळी होती. त्रिकास्थी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. म्हणून काप तिच्या लांबीला समांतर असे तिरके घ्यावे लागतात, म्हणजे दोन्ही सांधे वरपासून खालपर्यंत एकाच चित्रात येतात. त्याला आडव्या दिशेने दुसरी मालिका घेतली. टी-वन प्रकारच्या चित्रांत चरबी उजळ दिसते आणि हाडाच्या कडा स्पष्ट होतात, त्यामुळे कुठे खड्डा पडला आहे ते कळते. स्टिर प्रकारच्या चित्रांत चरबीचा उजेड दाबला जातो आणि हाडाच्या मगजात कुठे सूज असेल तर तेवढीच जागा पांढरी चमकते. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करणारे औषध, टोचण्याची गरज पडली नाही. दाह शोधण्यासाठी बहुधा ती पडत नाही, आणि जंतुसंसर्गाचा दाट संशय आला तरच टोचू, असे त्यांनी आधीच सांगितले होते. चित्रे संपल्यावर मला लगेच कपडे बदलायला न पाठवता रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले आणि दुखण्याची जागा दाखवायला सांगितली. मी अंगठा टेकवला. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. अहवाल लिहिणारा माणूस रुग्णाला पाहतो, हे मी १४ वर्षांत पहिल्यांदा अनुभवले.

अहवाल हा या सेवेचा खरा माल आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. त्यात लिहिले होते ते असे: उजव्या एसआय जॉइंटच्या पुढच्या, खालच्या भागात, कमरेच्या हाडाच्या बाजूला, सलग तीन कापांवर अस्थिमज्जेत (हाडाच्या मगजात) सूज आहे, टी-वन चित्रांत त्याच जागी हाडाच्या कडेला दोन लहान खड्डे आहेत, डावा सांधा जवळजवळ स्वच्छ आहे, कुठेही हाडे जुळून आलेली नाहीत. इतपत कोणीही चांगला रेडिओलॉजिस्ट लिहील. मला मोलाचे वाटले ते पुढचे. त्रिकास्थीत तड्याची रेषा नाही, आजूबाजूच्या स्नायूंत सूज किंवा पू नाही, बाळंतपणानंतरचा तो त्रिकोणी घट्टपणा नाही, असे प्रत्येक शक्यतेचे नाव घेऊन लिहिले होते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. ‘नाही’ हे लिहून मिळणे किती महत्त्वाचे असते, ते ज्याने संदिग्ध अहवाल घेऊन तीन दवाखाने पालथे घातले आहेत त्यालाच कळेल. शेवटी त्यांनी हेही नमूद केले होते की मगजातली थोडीफार सूज निरोगी धावपटूंत आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांतही दिसते, तेव्हा केवळ चित्रावरून निदान करू नये, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.

याच केंद्रात एक गोष्ट मात्र गंभीर चुकली. अहवाल घ्यायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने पाकीट देता देता आतले दोन शब्द वाचले आणि ‘तुम्हाला स्पाँडिलायटिस आहे’ असे सांगून टाकले. हेतू वाईट नसेल. पण माझी डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी होती आणि ते चार दिवस मी, आता आपल्याला दुसराही आजार झाला, कणा बांबूसारखा ताठ होणार, या धास्तीत काढले. एवढी काळजीपूर्वक तपासणी करणाऱ्या केंद्राने पाकीट देणाऱ्या माणसालाही सांगून ठेवायला हवे की अहवालातला शब्द म्हणजे निदान नव्हे. शिवाय फिल्मबरोबर दिलेली सीडी माझ्या डॉक्टरांच्या संगणकावर उघडली नाही आणि मला दुसरी आणण्यासाठी पुन्हा खेप घालावी लागली.

डॉक्टरांनी अहवाल कसा वापरला, हे सांगितल्याशिवाय या तपासणीची किंमत कळणार नाही. त्यांनी मला सोरायसिस, डोळे लाल होऊन दुखणे, आतड्यांचे आजार, घरात कोणाला कण्याचा आजार, असे सगळे विचारले, काहीच नव्हते. एचएलए-बी२७ ही, कण्याच्या दाहक आजारांशी जोडलेल्या जनुकाची, चाचणी निगेटिव्ह आली. एवढ्यावरून कण्याचा आजार पूर्णपणे नाकारता येत नाही, पण पारडे एका बाजूला झुकते. कण्याच्या त्या आजारांत पाठदुखी बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होते, माझी एक्कावन्नाव्या वर्षी झाली. एकच बाजू, लहान खड्डे, जुनाट आणि पॉझिटिव्ह रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, त्याच महिन्यांत हातांचीही वाढलेली सूज, हे सगळे एकत्र मांडून त्यांनी हा आजार एसआय जॉइंटपर्यंत पोहोचला आहे, असे निदान केले.

याचा औषधांवर परिणाम झाला. हातांसाठी मला पुढचे, जैविक औषध द्यायचेच होते. रिटुक्सिमॅब आणि अबाटासेप्ट ही औषधे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर चांगली चालतात, पण कण्याच्या दाहक आजारावर उपयोगी पडत नाहीत. सेक्युकिनुमॅबसारख्या औषधांचे उलट आहे. ती कण्याच्या आजारावर चालतात आणि रुमॅटॉइडमध्ये वापरली जात नाहीत. मेथोट्रेक्सेट हातांना उपयोगी पडते, कण्याच्या दाहाला फारसे नाही. टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारी अडालिमुमॅबसारखी औषधे दोन्हीकडे चालतात. निदानात शंकेला थोडी जागा उरली असेल तर तीही झाकली जावी, म्हणून डॉक्टरांनी या शेवटच्या गटातले औषध निवडले. त्याआधी क्षय आणि हेपेटायटिस बी यांच्या तपासण्या केल्या. पहिल्याच अहवालावर राहिले असते, तर मी चकतीचे उपचार घेत बसले असते आणि हातांसाठी दुसरेच औषध सुरू झाले असते. आता चार महिने झाले आहेत. सकाळचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांवर आला आहे आणि पहाटे कुशीवर वळताना जाग येत नाही. पुन्हा एमआरआय करायची डॉक्टरांना गरज वाटत नाही.

ज्यांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि कमरेखाली दुखते, अशा प्रत्येकाने ही तपासणी करावी, असे मी म्हणणार नाही. ज्यांचे दुखणे दिवसभराच्या कामाने वाढते आणि आडवे पडल्यावर थांबते, त्यांचे कारण बहुधा साधेच असते. पण ज्यांना पहाटे जाग येते, उठल्यावर अर्धा तासाहून अधिक आखडलेले राहते, चालल्यावर बरे वाटते आणि दुखण्याची जागा अंगठ्याने दाखवता येते, त्यांनी आपल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना तसे स्पष्ट सांगावे. आणि स्टेरॉइड घेतलेल्या माणसाला तिथे अचानक, तीव्र दुखू लागले, तर तड्याचा संशय धरावा आणि तपासणीसाठी थांबून राहू नये. केंद्र निवडताना मी आता फोनवर तीन गोष्टी विचारीन: तुम्ही एसआय जॉइंटचे तिरके काप घेता का, त्यात स्टिर मालिका असते का, आणि माझी चिठ्ठी अहवाल लिहिणारे डॉक्टर वाचतात का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर मी दुसरे केंद्र शोधीन.

दुसऱ्या केंद्राची मी मनापासून शिफारस करते. पहिल्या केंद्रात मी चकतीच्या किंवा नसेच्या तपासणीसाठी जाईन, सांध्यांच्या तपासणीसाठी जाणार नाही. एक तक्रार मात्र दोघांबद्दल आहे. दोन्हीकडे जो गाऊन घालायला देतात, त्याच्या नाड्या पाठीमागे असतात. माझ्यासारख्या माणसाचे खांदे मागे वळत नाहीत आणि बोटांना गाठ मारता येत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा मला दार किलकिले करून अनोळखी बाईला हाक मारावी लागली. नाड्या बाजूला असलेले, किंवा पुढून रुंद पट्टीने चिकटणारे दोन-चार गाऊन ठेवावेत, असे मी दुसऱ्या केंद्राला लेखी कळवले आहे. पहिल्या केंद्रालाही तेच पत्र पाठवले आहे, आणि त्यात त्या न वाचलेल्या रकान्याबद्दलही लिहिले आहे.